स्लॉट दिसतात, लेन दिसत नाहीत

१९७७ साली बाजारात आलेला ‘ॲपल २’ घडत असताना स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझनियाक यांची स्लॉटवरून चांगलीच जुंपली होती. जॉब्जचे म्हणणे, दोन स्लॉट पुरेत: एक प्रिंटरला, एक मोडेमला. वॉझनियाक आठांवर अडून बसला आणि शेवटी त्याचेच खरे झाले. पुढच्याच वर्षी फ्लॉपी ड्राइव्हचे कार्ड आले. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सॉफ्टकार्ड’ काढले. त्यावर झेड-८० हा वेगळ्याच घराण्यातला प्रोसेसर होता. ते कार्ड बसवले की ॲपलच्या यंत्रावर सीपी/एम या दुसऱ्या कार्यप्रणालीचे सॉफ्टवेअर चालू लागे. यंत्र आखले गेले तेव्हा असले कार्ड कोणाच्या यादीत असणे कठीण. रिकामा स्लॉट होता, म्हणून ते येऊ शकले.

ॲपलमध्ये हा वाद पुढेही मिटला नाही. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशला एकही स्लॉट नव्हता. १९८७ च्या ‘मॅकिंटॉश २’ला सहा आले. २०१३ चा नळकांड्याच्या आकाराचा ‘मॅक प्रो’ पुन्हा स्लॉटविना आला. जे काय जोडायचे ते बाहेरून, थंडरबोल्टच्या तारेने. नवी, जास्त तापणारी ग्राफिक्स कार्डे त्या आटोपशीर पेटीत बसेनात, आणि २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी पत्रकारांना बोलावून तशी कबुली दिली. २०१९ चा मॅक प्रो आला तो आठ स्लॉट घेऊन.

एवढ्या मोठ्या कंपनीला बेचाळीस वर्षांत जो अंदाज पक्का बांधता आला नाही, तो आपण दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत बांधून मोकळे होतो. “या बोर्डला चार स्लॉट आहेत, पुढेमागे काय पण लावा,” असे दुकानदार म्हणतो आणि आपण मान डोलावतो. ॲपल २ च्या काळात स्लॉट मोजून काम भागत होते. आज भागत नाही. स्लॉट ही नुसती बसायची जागा झाली. कार्डाला डेटा मिळतो तो लेनमधून, आणि लेन किती मिळणार हे मुख्यतः प्रोसेसर आणि चिपसेट ठरवतात. मदरबोर्ड निवडताना मोजायच्या त्या या लेन. त्या कुठे लिहिलेल्या असतात आणि कशा मोजायच्या, हे या प्रकरणात पाहू.

एकेकाळी सगळेच कार्डावर

आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीत पाच स्लॉट होते आणि ते बघता बघता भरत. पडद्याला कार्ड, फ्लॉपीला कार्ड, वाढीव मेमरीला कार्ड, सिरियल पोर्टला कार्ड. १९८३ च्या एक्सटी मॉडेलला आठ स्लॉट द्यावे लागले. नव्वदच्या दशकात ज्यांनी पीसी ‘असेंबल’ करून घेतला, त्यांना साउंड कार्ड, मोडेम आणि लॅन कार्ड वेगवेगळे विकत घेतल्याचे आठवत असेल. हळूहळू आवाज, नेटवर्क आणि डिस्कचे कंट्रोलर बोर्डावरच सोल्डर होऊन येऊ लागले. १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले आणि मोडेम-स्कॅनरसारखी मंडळी पेटीच्या बाहेर गेली.

यूएसबी घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट हे नाव पहिल्या ओळीतले. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या या अभियंत्याचा हात पुढे पीसीआय एक्सप्रेसच्या घडणीतही होता. स्लॉटमधली गर्दी हटवणे आणि उरलेल्या स्लॉटचे रूप पालटणे, या दोन्ही कामांत हे एकच नाव दिसते.

त्याआधीचा पीसीआय हा १९९२ चा. त्यात सगळी कार्डे एकाच सामाईक वाटेवर असत. वाटेची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, तीही सगळ्यांत वाटून. ग्राफिक्स कार्डांची भूक त्यात भागेना, म्हणून १९९७ पासून त्यांच्यापुरता एजीपी हा वेगळा स्लॉट आला. २००४ मध्ये बोर्डांवर आलेल्या पीसीआय एक्सप्रेसने सामाईक वाटच मोडीत काढली आणि प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन दिल्या. आज दुकानात ‘पीसीआय स्लॉट’ म्हणतात तो हाच. जुन्या पीसीआयशी त्याचे कार्ड जुळत नाही.

लेनचा हिशेब

एक लेन म्हणजे तारांच्या दोन जोड्या: एक पाठवायला, एक घ्यायला. एक लेन असलेला स्लॉट एक्स-१, चार असलेला एक्स-४, मग एक्स-८ आणि एक्स-१६. एका लेनमधून किती डेटा जातो हे पिढीवर, दुकानाच्या भाषेत ‘जेन’वर, अवलंबून असते. जेन १ मध्ये सेकंदाला २५० मेगाबाइट, जेन २ मध्ये ५००, जेन ३ मध्ये जवळजवळ १ गिगाबाइट, जेन ४ मध्ये २ आणि जेन ५ मध्ये ४ गिगाबाइटच्या आसपास. हे आकडे एका दिशेचे आहेत. दर पिढीला दुप्पट, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

कोणत्याही पिढीचे कार्ड कोणत्याही पिढीच्या स्लॉटमध्ये चालते. मात्र कार्ड आणि स्लॉट यांच्यात जी पिढी जुनी असेल त्या वेगाने, आणि ज्याच्या लेन कमी असतील तेवढ्याच लेनवर. जुना माल घेणाऱ्यांना हा नियम हमखास नडतो. सर्व्हरमधून निघालेली जेन २, एक्स-८ ची दहा गिगाबिट नेटवर्क कार्डे स्वस्तात मिळतात. असे कार्ड जेन ४ च्या बोर्डावर ज्या स्लॉटला चारच लेन आहेत त्यात बसवले, तर ते जेन २ च्याच वेगाने चार लेनवर चालेल, म्हणजे सेकंदाला २ गिगाबाइट. दहा गिगाबिटच्या एका पोर्टला लागतात १.२५ गिगाबाइट, तेव्हा काम भागले. पण त्या स्लॉटला एकच लेन जोडलेली असेल, तर अर्ध्या गिगाबाइटवर गाडी अडकते. बोर्ड जेन ४ चा असल्याचा या कार्डाला काडीचा उपयोग नाही.

लांबी फसवते

दिसतं तसं नसतं, हे सर्वांत जास्त लागू पडते ते लांब स्लॉटला. बोर्डावर एक्स-१६ लांबीचे तीन स्लॉट असले तरी तिघांना सोळा-सोळा लेन असतील असे मुळीच नाही. घरगुती बोर्डांवर पूर्ण सोळा लेन बहुतेक वेळा प्रोसेसरजवळच्या पहिल्या स्लॉटलाच असतात. दुसऱ्याला चार, तिसऱ्याला चार किंवा अगदी एकच. स्लॉट लांब ठेवण्याचा फायदा एवढाच की मोठे कार्ड त्यात शिरते.

कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेले असते, पण बारीक अक्षरात: ‘पीसीआयई ३.० एक्स-१६ स्लॉट (एक्स-४ मोड)’. कंसातला तो आकडा खरा. बोर्ड हातात असेल तर आणखी एक खूण आहे. मोबाइलची बॅटरी लावून स्लॉटच्या आत पाहा. चारच लेन जोडलेल्या कित्येक स्लॉटांत सोनेरी पट्ट्या सुरुवातीच्या भागातच दिसतात आणि पुढे नुसते प्लास्टिक. बोर्ड उलटा केला तर मागचे सोल्डरचे टाकेही तिथेच संपलेले दिसतात. काही कंपन्या मात्र सगळ्या पट्ट्या बसवून लेन तेवढ्याच जोडतात, म्हणून पट्ट्या पूर्ण दिसल्या तरी मॅन्युअल बघायचेच.

यंत्र जोडून झाल्यावर खात्री करायची तर विंडोजमध्ये जीपीयू-झेड नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ग्राफिक्स कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या लेन शेजारी-शेजारी दिसतात. कार्ड रिकामे बसलेले असताना ते वीज वाचवायला जुन्या पिढीच्या वेगावर उतरते. तो आकडा पाहून घाबरू नये. कामाला जुंपून मग वाचावे.

टाकी एक, नळ अनेक

आता मुळाशी जाऊ. बोर्डावर लेन दोन ठिकाणांहून येतात. काही थेट प्रोसेसरमधून, बाकीच्या चिपसेट नावाच्या वेगळ्या चिपमधून.

एएमडीच्या एएम-५ सॉकेटमधल्या नेहमीच्या रायझन प्रोसेसरला २८ लेन असतात. त्यातल्या चार चिपसेटकडे जातात, उरतात २४. सोळा ग्राफिक्सला, बाकीच्या आठ एम.२ एसएसडी किंवा बोर्ड कंपनीला योग्य वाटेल त्या कामाला. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जेन ५ च्या सोळा आणि जेन ४ च्या चार, अशा वीस लेन आहेत. चिपसेटसाठीचा दुवा त्याहून वेगळा.

चिपसेट आपल्या बाजूने आणखी लेन देतो. इंटेलच्या झेड ७९० मध्ये जेन ४ च्या वीस आणि जेन ३ च्या आठ लेनपर्यंत सोय आहे. बी ७६० मध्ये तेच आकडे दहा आणि चार, आणि एच ६१० मध्ये जेन ३ च्या आठच. एवढे ऐकले की भरपूर वाटते. पण चिपसेटच्या या सगळ्या लेनचा डेटा शेवटी प्रोसेसरकडे जातो तो एकाच दुव्यातून. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचे असते तसे हे: घरोघरी नळ कितीही काढा, टाकी भरणारा पाइप एकच आणि त्याचा घेरही ठरलेला. एकेकट्याने नळ सोडला तर धार जोरात. सकाळी सगळ्यांनी सोडले की रड.

या पाइपचा घेर बोर्डागणिक वेगळा असतो. एएम-५ च्या बोर्डांवर तो जेन ४ च्या चार लेनएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट. इंटेलच्या झेड ७९० वर आठ लेनएवढा, म्हणजे १६. बी ७६० वर पुन्हा चार लेनएवढा. बरेचसे यूएसबी, साटा डिस्क, लॅन, वाय-फाय आणि चिपसेटवरचे एम.२ हे सगळे याच पाइपावरचे नळ. म्हणून नियम साधा: सतत आणि जोरात डेटा ओढणारे कार्ड शक्य तर प्रोसेसरच्या लेनवर, अधूनमधून लागणारे चिपसेटवर.

एका स्टुडिओचे गणित

उदाहरण घेऊ. लग्न-समारंभ, कीर्तन आणि कबड्डीचे सामने चित्रित करून थेट प्रसारित करणारा एक छोटा स्टुडिओ आहे. त्यांना हवे ते असे: एक ग्राफिक्स कार्ड, कॅमेऱ्याचे चित्र आत घेणारे फोर-के कॅप्चर कार्ड, साठवणीच्या नॅसशी जोडायला दहा गिगाबिट नेटवर्क कार्ड आणि दोन एनव्हीएमई एसएसडी.

आधी भूक मोजू. फोर-केच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू. सेकंदाला ६० चौकटी आणि व्यावसायिक कामात लागणारे बिंदूमागे २० बिट धरले, तर कच्चे चित्र सेकंदाला जवळजवळ १० गिगाबिट, म्हणजे सव्वा गिगाबाइट होते. दहा गिगाबिट नेटवर्कही तेवढेच. कार्डे जेन ३ ची धरली, तर एका लेनमधून एक गिगाबाइटही पुरे जात नाही. म्हणजे दोन्ही कार्डे एक्स-१ च्या स्लॉटवर तगणार नाहीत. प्रत्येकी एक्स-४ हवा.

आता लेन मोजू. ग्राफिक्स १६, कॅप्चर ४, नेटवर्क ४, दोन एसएसडी मिळून ८. बेरीज ३२. रायझनकडे मोकळ्या २४. ग्राफिक्स आणि दोन्ही एसएसडी प्रोसेसरवर बसल्या, तिथे २४ संपल्या. उरलेली दोन कार्डे चिपसेटवर गेली. त्यांची मिळून भूक अडीच गिगाबाइट, पाइप आठ गिगाबाइटचा. बी ६५० चिपसेटकडे जेन ४ च्या आठ लेन आहेत, म्हणजे कार्डांना लागतात बरोब्बर तेवढ्या. कागदावर सगळे जमले.

आता बी ६५० चे बोर्ड बघायला जा. बहुतेकांवर पहिला लांब स्लॉट सोळा लेनचा, दुसरा लांब स्लॉट चार लेनचा आणि एखाद-दुसरा एक्स-१. दुसऱ्या एक्स-४ चा पत्ता नाही! चिपसेटच्या उरलेल्या लेन कंपनीने तिसऱ्या एम.२ ला, लॅनला आणि वाय-फायला देऊन टाकलेल्या असतात. लेन आहेत, पण हव्या त्या स्लॉटपर्यंत तार ओढलेली नाही. बोर्डांच्या किमतीतला फरक बराचसा या तारांचा असतो.

स्टुडिओपुढे आता तीन वाटा आहेत. पहिली, असे बोर्ड शोधायचे ज्यावर प्रोसेसरच्या सोळा लेन दोन स्लॉटांत आठ-आठ वाटता येतात. ग्राफिक्स कार्डाच्या आठ लेन जातात, पण जेन ४ च्या आठ लेनवर पुरेशी मेमरी असलेले कार्ड फारसे मंदावत नाही. इंटेलच्या बाजूला ही वाटणी मुख्यतः झेड मालिकेत मिळते. बी मालिकेला ती बंद आहे. दुसरी वाट, दहा गिगाबिट लॅन बोर्डावरच असलेला बोर्ड घ्यायचा. म्हणजे कार्डच नको. तिसरी, रिकाम्या एम.२ चा वापर. एम.२ म्हणजे सहसा वेगळ्या आकारातला एक्स-४ स्लॉटच असतो. त्यात अडॅप्टर बसवून तारेने साधा स्लॉट बाहेर काढता येतो. जुगाड चालतो, पण ते कार्ड कॅबिनेटमध्ये घट्ट बसवायची सोय आधी पाहावी लागते. सलग चार तास थेट प्रसारण करणाऱ्याने पहिल्या दोन वाटांपैकीच एक धरावी.

तळटिपा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या यादीखाली तारांकित टिपा असतात, आणि खरी मेख तिथेच असते. एकाच लेनवर दोन जागांचा हक्क लिहिलेला असतो आणि एक भरली की दुसरी बंद पडते. नेहमीचे नमुने असे: दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी बसवली की दोन साटा पोर्ट बंद. एक्स-१ चा स्लॉट वापरला की खालचा लांब स्लॉट चारऐवजी दोन लेनवर. तिसरा एम.२ भरला की शेवटचा स्लॉट गायब.

महाग बोर्ड घेतला म्हणजे सुटका झाली असेही नाही. एएमडीच्या एक्स ८७० आणि एक्स ८७०ई बोर्डांवर यूएसबी-४ सक्तीचे आहे. त्याची चिप सहसा प्रोसेसरच्या चार लेन खाते, आणि काही बोर्डांवर त्या लेनवर एका एम.२ चाही हक्क असतो. काही बोर्डांवर जेन ५ चे जास्तीचे एम.२ भरले की ग्राफिक्सचा स्लॉट सोळावरून आठवर येतो. खोक्यावर पाच एम.२ छापलेले असतात. पाचही भरल्यावर काय होते ते मॅन्युअलमध्ये.

मॅन्युअल बोर्ड घेण्याआधीच कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. बऱ्याच मॅन्युअलांत सुरुवातीलाच ‘ब्लॉक डायग्राम’ असतो: मधे प्रोसेसर, खाली चिपसेट आणि दोघांपासून निघालेल्या रेषा. कोणता स्लॉट कोणाला लटकलेला आहे हे त्या एका पानावर कळते.

जागेची अडचण

लेन जुळल्या तरी कार्ड बसेलच असे नाही. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मापाचा बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा आणि त्यावर सात कार्डांची जागा. मायक्रो-एटीएक्स २४४ गुणिले २४४, जागा चार. मिनी-आयटीएक्स १७० गुणिले १७०, जागा एक. दोन जागांमधले अंतर २०.३२ मिलिमीटर, आणि ते सगळीकडे सारखे.

हे माप ठरले तेव्हा एक कार्ड एक जागा घेत असे. आजची ताकदीची ग्राफिक्स कार्डे तीन जागा अडवतात, काही त्याहूनही जाड असतात. मायक्रो-एटीएक्सवर असे कार्ड पहिल्या जागी बसवले की चारपैकी तीन गेल्या. उरली सर्वांत खालची. त्या जागेपाशी बोर्डाच्या कडेला कॅबिनेटच्या बटणांच्या आणि यूएसबीच्या तारा खोचलेल्या असतात; लांब कार्ड त्यांना घासते. शिवाय ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला हवा मिळायला खाली थोडी मोकळी जागा लागते, तीही हे कार्ड अडवते. म्हणून बोर्डाचा फोटो समोर ठेवून, पहिल्या लांब स्लॉटखालच्या दोन जागांवर पट्टी ठेवून पाहावे आणि उघडे राहतात तेवढेच स्लॉट धरावेत. एक्स-१ चे दोन स्लॉट त्या पट्टीखाली झाकले गेले, तर ते नसल्यात जमा.

विजेचे गणित सोपे आहे. स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, वरचे सगळे एसएमपीएसच्या वेगळ्या तारेने. एक्स-१ च्या कार्डाला फार तर २५ वॉट. साउंड किंवा लॅन कार्डाला ते भरपूर होतात.

प्रोसेसरची कात्री

बोर्ड तोच, स्लॉट तोच, आणि प्रोसेसर बदलला की लेन कमी. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या रायझनच्या ‘जी’ मालिकेत हे ठळक दिसते. ८७००जी ग्राफिक्सच्या स्लॉटला आठच लेन देतो आणि ८५००जी फक्त चार. एएम-४ च्या ५६००जी मध्ये लेन सोळा आहेत, पण त्या जेन ३ च्या, मग बोर्ड बी ५५० चा का असेना. ‘सध्या बिनकार्डाचे चालवू, पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड घेऊ’ असा बेत करणाऱ्यांनी हे आधीच पाहावे.

उलट बाजूने कार्डही कात्री लावते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला जेन ४ च्या चारच लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी. जेन ४ च्या बोर्डावर ते ठीक चालते. जेन ३ च्या बोर्डावर त्याची वाट निम्मी होते, आणि मेमरी अपुरी पडून डेटाची ये-जा वाढली की खेळांचा वेग चांगलाच घसरतो. स्वस्त कार्ड बहुतेकदा जुन्या पीसीतच बसवले जाते, म्हणून मार बसतो तोही नेमका तिथेच.

चार एसएसडी एकाच एक्स-१६ स्लॉटमध्ये बसवणारी कार्डेही मिळतात. त्यातल्या स्वस्त कार्डांवर लेन वाटणारी चिप नसते. सोळा लेनचे चार-चारचे चार भाग प्रोसेसरने आणि बायोसने करून द्यावे लागतात. रायझनच्या पुष्कळ बोर्डांवर ही सोय असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत वाटणी फार तर आठ-आठची, त्यामुळे चारपैकी फार तर दोनच एसएसडी दिसतात, आणि कार्ड बिघडले असे समजून ग्राहक ते परत घेऊन येतो.

घरगुती बोर्ड पुरत नाही तेव्हा

दोन-तीन ग्राफिक्स कार्डे, अनेक कॅमेऱ्यांची कॅप्चर कार्डे किंवा डझनभर डिस्कचा साठा असेल, तर घरगुती बोर्डांशी झटापट करण्यात अर्थ नाही. त्यासाठी वेगळी घराणी आहेत. थ्रेडरिपर प्रोच्या ७००० मालिकेत जेन ५ च्या १२८ लेन आहेत, इंटेलच्या झीऑन डब्ल्यू-३४०० मध्ये ११२. किंमतही त्याच प्रमाणात चढते. बजेट कमी असेल आणि ताजा वेग नको असेल, तर कंपन्यांतून निघालेली जुनी वर्कस्टेशन यंत्रे पाहावीत. पिढी जेन ३ ची असते, वीज जास्त खातात, पण लेन भरपूर असतात. चार लेन मागणाऱ्या जेन ३ च्या कार्डाला त्या जेन ३ च्या असल्याचे दुःख नसते.

कारखान्यांची गरज याहून निराळी. एखादे सीएनसी किंवा तपासणी यंत्र ज्या कार्डावर चालते ते जुन्या पीसीआयचे, कधी त्याहून जुन्या आयएसएचे असते. यंत्र धडधाकट, फक्त पीसी गचकलेला. इंटेलने २०११ च्या सुमारास आपल्या नेहमीच्या चिपसेटांतून पीसीआयचा थेट आधार काढायला सुरुवात केली. पुढे ज्या बोर्डांवर तो स्लॉट दिसला तो भाषांतर करणाऱ्या वेगळ्या चिपमार्फत, आणि काही जुनी कार्डे त्या चिपशी जुळवून घेत नाहीत. इथे गेमिंग बोर्ड शोधू नये. औद्योगिक मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या अजून पीसीआयचे आणि आयएसएचेही स्लॉट देतात. त्यांचा बोर्ड महाग पडतो, पण चालू यंत्र भंगारात काढण्यापेक्षा स्वस्त.

खरेदीचा क्रम

सुरुवात कागदावर करा. आज लावायची कार्डे आणि एसएसडी, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत खरोखर लागतील अशी, एवढेच लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी मांडा: किती लेन, कोणती जेन, किती जाडी. बेरीज करा. मग प्रोसेसर ठरवा आणि त्याच्या मोकळ्या लेन कंपनीच्या तक्त्यात पाहा. त्यानंतर बोर्ड, तोही मॅन्युअल वाचून. कॅबिनेट सर्वांत शेवटी. दुकानात सहसा हा क्रम उलटा होतो, आधी चकचकीत कॅबिनेट आणि मग त्यात मावेल तो बोर्ड.

यादी करून पाहिली की बहुतेकांना कळते, आपल्याला एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडी यांपलीकडे काही लागत नाही. अशांना बी मालिकेतला साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड पुरतो. महागड्या बोर्डाचे वरचे पैसे रॅममध्ये किंवा मोठ्या एसएसडीत घातले तर ते रोज कामाला येतील.

ज्यांच्या यादीत ग्राफिक्सशिवाय एखादे तरी कार्ड आहे, त्यांनी बेरजेत एक एक्स-४ स्लॉट जास्तीचा धरावा, आणि तो ग्राफिक्स कार्डाच्या जाडीखाली झाकला न जाणारा असावा. रॅम नंतर वाढते, एसएसडी बदलता येते, ग्राफिक्स कार्ड विकून नवे घेता येते. बोर्डावर नसलेला स्लॉट मात्र नंतर येत नाही. बोर्डच बदलायचा तर सगळे यंत्र खोलावे लागते, आणि विंडोजचा ओईएम परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असला तर तोही नव्याने घ्यावा लागतो. एका जास्तीच्या स्लॉटसाठी आज मोजलेले पैसे त्या खर्चापुढे थोडेच ठरतात.